कंपवातावरील संशोधनासाठी डॉक्टरच व्हावे लागते का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातली असून जळगावच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. माझ्या आजीला कंपवात (पार्किन्सन) आहे. पुढे प्राध्यापक होऊन याच आजारावर संशोधन करावे अशी इच्छा आहे. परंतु त्यासाठी एमबीबीएसच करायला हवे होते, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : नाही. रुग्णाला तपासून औषध देणे हे डॉक्टरांचे काम आहे. मेंदूतील डोपामीन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मुळात का मरतात, हा प्रश्न मात्र जीवशास्त्राचा आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तरी आजही लेव्होडोपाची गोळी डोपामीनची उणीव काही काळ भरून काढते, पेशींचा ऱ्हास थांबवत नाही.

तुमच्याकडे पिकलेल्या केळ्यांवर चिलटे घोंघावतात, त्यांतील ड्रोसोफिला या माशीवर या आजाराचा अभ्यास होतो. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत ज्याच्या गुठळ्या साचतात, त्या माणसातील अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे जनुक तिच्यात घालून २००० साली जी माशी तयार केली गेली, तिच्या डोपामीन पेशी वयाबरोबर घटत गेल्या. काचेची नळी हलकेच आपटली की माश्या तळाशी पडतात आणि लगेच वर चढू लागतात; त्यांपैकी किती जणी ठरावीक वेळात खुणेपर्यंत पोहोचतात, ते मोजायचे. आजारी माश्या लवकर मागे पडतात. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर हा जेलीसारखा पदार्थ यांवर त्या वाढतात, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतही हे काम शिकता येते, आणि हे मला फार मोलाचे वाटते.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत चेतापेशींवर काम चालते, असे मार्गदर्शक पीएच.डी.साठी शोधावेत, संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाच्या विषयाला महत्त्व द्यावे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज लागतात. प्राध्यापक झाल्यावरही तास, उत्तरपत्रिका आणि अनुदानाचे प्रस्ताव यांतूनच संशोधनाला वेळ काढावा लागतो, याची कल्पना घरच्यांना आताच द्यावी. तोवर विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अवश्य अर्ज करा.

आजीसंबंधी एक विनंती. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असते, म्हणून तिचे चूर्ण सुचवणारे भेटतील. पण बियांतील प्रमाण सारखे नसते आणि गोळ्यांच्या जोडीने मात्रा जास्त होऊ शकते, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते देऊ नका.