‘लीडरशिप टीम’च्या पानावर माझी मुलगी कधी दिसेल?

प्रश्न : माझ्या मुलीने ठाण्यातल्या कॉलेजमधून बीएएमएमसी (मास कम्युनिकेशनची पदवी) केलं. शेवटच्या वर्षी सीबीडी बेलापूरच्या एका पीआर (जनसंपर्क) कंपनीत इंटर्नशिप केली आणि आता तिथूनच अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या, म्हणजे क्लायंटचं काम सांभाळायच्या, नोकरीची ऑफर आली आहे. कंपनी मोठी नाही, चाळीसेक माणसं असतील. मुख्य ऑफिस बेलापूरला. पुणे, नाशिक, नागपूरला छोटी ऑफिसं. वेबसाइटवर ‘आमची लीडरशिप टीम’ म्हणून सहा जणांचे फोटो आहेत. मुलगी म्हणते, दहा वर्षांत मी त्या पानावर असेन. मला ती घरचीच कंपनी वाटते; बाहेरच्या मुलीला कोण वर जाऊ देणार? तिचे बाबा रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. त्यांचं म्हणणं, ही लोकांच्या पुढे पुढे करायची कामं, त्यापेक्षा एमपीएससी कर. मुलीचं मराठी उत्तम आहे, इंग्रजी बोलताना अडखळते. लोअर परळच्या मोठ्या एजन्सीत प्रयत्न करावा, आधी एमबीए करावं, की हेच घ्यावं? – एक आई, ऐरोली

ताई, नमस्कार.

पत्रासोबत त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडलात ते बरं केलंत. नाहीतर हवेतच बोलावं लागलं असतं.

तुमचा सगळा रोख फोटोंच्या वरच्या ओळीवर आहे. संस्थापक एकेकाळचे पत्रकार, शेजारी त्यांच्या पत्नी, ज्या हिशेब आणि एचआर बघतात, आणि तिसरे मुंबईच्या बड्या एजन्सीतून आणलेले सीईओ. शंका रास्त आहे, पण संस्थापकाच्या नावावर चालणं हा या धंद्यातला रिवाजच आहे. आपल्याकडे पीआर एजन्सी फोफावल्या त्या १९९१च्या उदारीकरणानंतर. प्रेमा सागर यांची जेनेसिस आणि दिलीप चेरियन यांची परफेक्ट रिलेशन्स या दोन्ही १९९२च्या. मदन बहल आणि राजेश चतुर्वेदी यांची अ‍ॅडफॅक्टर्स पीआर मुंबईत सुरू झाली १९९७ साली. आज ही मोठी नावं वाटतात, पण क्लायंट सुरुवातीला येतो तो माणूस बघूनच. बेलापूरच्या कंपनीतही तेच चाललंय, फक्त आकार लहान.

मी खालची ओळ आधी वाचली. तिथे मीडिया रिलेशन्सच्या प्रमुख बाई आहेत, डिजिटल बघणारा एक तरुण आहे आणि नागपुरात बसून विदर्भ सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. बाईंच्या परिचयात एक वाक्य आहे : ‘याच कंपनीत ट्रेनी म्हणून सुरुवात.’ त्या पानावरचं हे सगळ्यात कामाचं वाक्य. बाकीचं ‘दूरदृष्टी’, ‘अनुभवसंपन्न’ वगैरे कुठल्याही कंपनीच्या पानावर चिकटवता येतं. ट्रेनी ते प्रमुख हा जिना त्या कंपनीत खरोखर आहे आणि निदान एक बाई तो चढून गेली आहे, हे त्या वाक्यातून कळतं. सहाही जण बाहेरून आणलेले किंवा नात्यातले असते, तर मी तुम्हाला दुसरं काही सुचवलं असतं.

दुसरी गोष्ट तुमच्या लेकीच्या दहा वर्षांच्या हिशेबाची. संस्थापक पंचावन्नच्या आसपासचे दिसतात. दहा वर्षांनी अशा कंपनीचं तीनपैकी एक काहीतरी होतं. मोठी एजन्सी विकत घेते, किंवा दुसरी फळी कारभार हातात घेते, किंवा साहेब थकतात तसे क्लायंटही गळत जातात. जेनेसिस २००५ मध्ये बर्सन-मार्स्टेलर या परदेशी कंपनीने घेतली. त्यानंतर दारावरची पाटी बदलली, पुन्हा बदलली, पण काम करणारी माणसं दुसऱ्या फळीत तयार होत राहिली. म्हणून पानावर फोटो लागेल की नाही यापेक्षा दुसरी फळी आहे की नुसती फोटोपुरती आहे, हे बघायला हवं. ते वेबसाइटवरून कळत नाही. ते तुमच्या मुलीला कळलेलं असणार, कारण ती तिथे बसून आली आहे.

म्हणून इथून पुढचं थोडं तिच्यासाठी. तिलाच वाचू द्या.

तू इंटर्न असताना एखादा क्लायंट चिडून फोन करायचा तेव्हा तो कुणाला करायचा? दर वेळी थेट ‘सरां’नाच करत असेल, तर खालची ओळ नावापुरती आहे असं समज. क्लायंट दर महिन्याला रिटेनर (ठरलेली फी) देतो तो कुणाच्या तरी शब्दावर. तो शब्द एकाच माणसाचा असेल तर बाकीचे पाच जण निरोपे आहेत. चिडलेल्या क्लायंटला मीडियाच्या बाईच परस्पर समजावत असतील आणि सरांना संध्याकाळी फक्त कळवत असतील, तर कंपनी तब्येतीने बरी आहे. आणखी एक आठव. तू लिहिलेली प्रेस नोट कोण तपासायचं? ‘ठीक आहे, पाठव’ म्हणणाऱ्याकडून शिकायला काही मिळत नाही. लाल शाईने अर्धी नोट खोडून परत देणारं माणूस जिथे असेल, तिथे दोन वर्षं पगार थोडा कमी असला तरी थांब.

प्रेस नोटचंच उदाहरण घेऊ, कारण तुझी पहिली दोन वर्षं त्यातच जाणार. समज, क्लायंट एक हॉस्पिटल आहे आणि ऐरोलीत डायलिसिस सेंटर काढतंय. वरून आलेला मसुदा असा असतो : ‘रुग्णकेंद्री सेवांच्या विस्ताराची घोषणा करताना व्यवस्थापनाला अत्यंत आनंद होत आहे.’ व्यवस्थापनाच्या आनंदाशी नवी मुंबईच्या बातमीदाराला काय करायचंय? त्याच्याकडे संध्याकाळी अशा वीस नोटा आलेल्या असतात. ‘ऐरोलीतल्या रुग्णांना डायलिसिससाठी आता वाशीला जावं लागणार नाही’ असं पहिलं वाक्य आलं, की तो दुसरं वाचतो. मग खाटा किती, दर काय, सरकारी योजना लागू आहे की नाही. यातलं एक जरी क्लायंटने सांगितलं नसेल तर ते विचारायची हिंमत एक्झिक्युटिव्हला हवी. शेवटी फोटो, आणि फोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे बरोबर. हसू नको. नगरसेवकाचं नाव चुकल्यामुळे क्लायंटला महिनाभर ऐकून घ्यावं लागल्याची उदाहरणं आहेत.

लीडरशिप टीम नेमकी कशासाठी असते, हे मात्र अशा दिवशी कळत नाही, वाईट दिवशी कळतं. ठाण्याला कॉलेजला जाताना तू कॅडबरी जंक्शन कितीतरी वेळा ओलांडलं असशील. ज्या कारखान्यावरून त्या चौकाला नाव पडलं, त्याच कंपनीवर ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, प्रसंग आला. चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनीचं पहिलं उत्तर असं होतं की माल कारखान्यातून चांगलाच निघतो, दुकानदार नीट साठवत नाहीत. बोलणं तांत्रिकदृष्ट्या खरं असेलही, पण लोकांना त्यात दिसली ती टाळाटाळ. प्रशासनानेही ते उत्तर मानलं नाही, वेष्टनाचं काय, असा उलटा प्रश्न केला. मग सूर बदलला. जाहिराती थांबवल्या, दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणुकीची माहिती देण्यासाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ हाती घेतला, जानेवारी २००४ मध्ये नवं सीलबंद वेष्टन आणलं आणि अमिताभ बच्चन यांना पुढे केलं. लोक बच्चन लक्षात ठेवतात. माझ्या मते कंपनी सावरली ती वेष्टनामुळे, कारण तेव्हा कुठे सांगण्यासारखं काहीतरी हातात आलं.

आता हा प्रसंग बेलापूरच्या सहा फोटोंवर बसवून बघ. रात्री साडेअकराला क्लायंटचा फोन येतो : टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात वायुगळती झाली, दोन कामगार हॉस्पिटलमध्ये आहेत, बाहेर कॅमेरे आलेत. अर्ध्या तासात चार ओळींचं निवेदन कोण लिहिणार? त्यात ‘परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे’ हे वाक्य क्लायंट घाला म्हणेल. आधी खात्री करू, असं त्याला कोण सांगणार? कारखान्याच्या गेटवर कोण जाणार? आणि मालकाला ‘साहेब, आधी त्या दोघांच्या घरी फोन करा, मग पत्रकारांशी बोला’ हे कुणाच्या तोंडून ऐकलं तर पटेल? संस्थापक, मीडियाच्या बाई, डिजिटलवाला, तिघांचं काम इथे वेगवेगळं आणि एकाच वेळी. ऑफर लेटर घ्यायला जाशील तेव्हा सीईओंना सरळ विचार, असं शेवटचं कधी झालं होतं आणि कोण काय करत होतं? क्लायंटचं नाव न घेता ते सांगू शकले तर उत्तम. नाव घेऊन रंगवून सांगायला लागले, तर उद्या तुझ्याही क्लायंटच्या गोष्टी ते दुसरीकडे अशाच सांगतील.

जमलं तर आणखी एक विचार : महिन्याच्या शेवटी क्लायंटला काय दाखवता? बऱ्याच ठिकाणी अजून बातमीचे कॉलम सेंटिमीटर मोजायचे, जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि ‘तुम्हाला एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली’ म्हणायचं, असं चालतं. २०१०च्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये या धंद्यातल्याच लोकांनी सांगितलं की हा आकडा म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. तरी तो मरत नाही, क्लायंटलाच हवा असतो. आकड्याच्या जोडीला दुसरं काही मोजत असतील, चौकशीचे फोन वाढले का, चुकीची बातमी दुरुस्त झाली का, तर डोकं चालवणारी माणसं आहेत. आणि पैसे देऊन बातमी छापून आणण्याला कुणी तिथे ‘मीडिया रिलेशन्स’ म्हणत असेल, तर बॅग उचल.

ताई, आता बाबांबद्दल. पुढे पुढे करणारी माणसं या धंद्यात आहेत, नाकारत नाही. पण त्यांना एमपीएससी हवी असेल तर तिथेही हेच काम सरकारी पाटीखाली आहे. त्याच बेलापुरात कोकण भवनमध्ये विभागीय माहिती कार्यालय आहे, राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदं एमपीएससीमार्फत भरतात आणि त्यांच्या जाहिरातींत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका आणि अनुभव मागितलेला असतो. म्हणजे बेलापूरची नोकरी घेतली म्हणून ती वाट बंद होत नाही. बाबा शेअर बाजारात थोडेफार पैसे गुंतवत असतील तर त्यांना एक गोष्ट आताच सांगून ठेवा. क्लायंट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर तिच्या निकालांची, सौद्यांची बातमी मुलीला बाहेर जाण्याआधी कळू शकते. सेबीच्या २०१५च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली ती घरी जेवताना सांगणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. ‘आज काय झालं ऑफिसात?’ याला अधूनमधून ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल, मनाला लावून घेऊ नका.

लोअर परळ वाईट नाही. तिथे मोठे क्लायंट मिळतात, पण सुरुवातीला वाट्याला येतं ते एकाच क्लायंटचं कव्हरेज ट्रॅक करणं, आणि ज्यांच्यामुळे एजन्सीचं नाव आहे ते डायरेक्टर महिन्यातून एकदा लिफ्टमध्ये दिसतात. बेलापूरला तेच माणूस शेजारच्या केबिनमधून पत्रकाराशी कसं बोलतं ते रोज कानावर पडेल. दोन-तीन वर्षांनी परळला जायचं असेल तर ते पाठबळ घेऊन जाता येईल. शिवाय ऐरोलीहून बेलापूर म्हणजे ठाण्याहून येणारी पनवेल लोकल पकडायची. दादरचा पूल चढायची वेळ येत नाही, हेही काही कमी नाही.

एमबीए आत्ता नको. पुढे टीम आणि बजेट सांभाळायची वेळ आली की मग बघू.

इंग्रजीचं मात्र मनावर घ्यायला हवं. मराठी उत्तम असणं ही या कंपनीत तिची जमेची बाजू आहे, नाशिक-नागपूरच्या संपादकांशी बोलायला तेच लागतं. पण पिच, म्हणजे नवं काम मिळवण्यासाठी क्लायंटसमोरचं सादरीकरण, होतं ते इंग्रजीत, आणि त्या खोलीत गप्प बसणाऱ्याला क्लायंट ज्युनिअरच समजतो. क्लास लावण्यापेक्षा रोज एका क्लायंटची माहिती दोन मिनिटांत इंग्रजीत मोठ्याने सांगायची आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकायची. पहिला आठवडा स्वतःचा आवाज नकोसा वाटेल.

थोडक्यात, माझ्या हिशेबाने ऑफर घ्यावी, तिच्या प्रश्नांची उत्तरं बरी आली तर. सही करण्याआधी लेटरमध्ये तीन गोष्टी लेखी आहेत का बघा : प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस पीरियड किती आणि ती कुणाला रिपोर्ट करणार. तिसऱ्याच्या जागी मीडियाच्या बाईंचं नाव यावं यासाठी तिने स्वतः शब्द टाकावा. त्यात संकोच कसला. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड मागितला तर सही करण्याआधी मला पाठवा. आणि मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या तर देऊ नका, दाखवून परत आणा आणि झेरॉक्स द्या.