जाळीच्या गॉगलमधून नीट दिसत नाही

प्रश्न: एअरसॉफ्ट (नकली बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या बारीक गोळ्या मारायचा खेळ) खेळताना गोव्याच्या दमट हवेत साध्या गॉगलवर वाफ धरते म्हणून जाळीचा घेतला, पण उन्हात जाळीच चमकते आणि झाडीत सगळं काळपट दिसतं, काय करू? – एक वाचक, फोंडा

उत्तर: जाळीला आतून मॅट काळा रंग द्या, चमक बरीच जाते, फक्त स्प्रे अगदी पातळ मारा नायतर भोकं बुजतात, बुजलीच तर ओलं असतानाच फुंकून मोकळी करा. वर टोपीची झापड हवीच. भोकं मोठी मात्र अजिबात करू नका! ६ मिमीची गोळी जाळीवर फुटली तर तुकडे आत येऊ शकतात, म्हणून मला विचाराल तर दुहेरी पॉलिकार्बोनेट (टणक प्लास्टिक) लेन्सचा अँटीफॉग, म्हणजे सहसा वाफ न धरणारा, गॉगलच घ्या. आणि पावसाळ्यात गंजलेली जाळी सरळ टाकून द्या.