युसेफ लतीफ यांचा ‘ईस्टर्न साउंड्स’ कसा ऐकावा

जॅझ नुकतेच ऐकू लागलेल्यांना मी अमेरिकन वादक युसेफ लतीफ यांचा ‘ईस्टर्न साउंड्स’ हा अल्बम आवर्जून सुचवतो. सप्टेंबर 1961 मध्ये न्यू जर्सीतील ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. लतीफ येथे टेनर सॅक्सोफोन, बासरी आणि ओबो वाजवतात. सोबतीला पियानोवर बॅरी हॅरिस, बेसवर अर्नी फॅरो आणि ड्रम्सवर लेक्स हम्फ्रीज आहेत.

आरंभ ‘द प्लम ब्लॉसम’पासून करावा. त्यात लतीफ शुन हे पोकळ गोळ्यासारखे चिनी फुंकवाद्य वाजवतात, आणि त्याचे मोजकेच स्वर असूनही, किंबहुना त्यामुळेच, प्रत्येक स्वराला विलक्षण वजन येते. त्यानंतर ‘ब्लूज फॉर द ओरिएंट’ ऐकावे, त्यात लतीफ ओबो वाजवतात. ओबो हे आपल्या सनईसारखेच दुहेरी पत्तीचे वाद्य असल्याने त्याचा किंचित सानुनासिक, आर्त स्वर मराठी कानाला परका वाटत नाही. मला तर हीच या अल्बमची सर्वांत सुंदर जागा वाटते. ‘चिंग मियाऊ’ पाच मात्रांच्या आवर्तनात आहे, तेथे हाताने मात्रा मोजत बेसकडे लक्ष ठेवावे. पहिल्या दिवशी एवढे पुरे. उरलेल्या रचना सावकाश, इतर कामे बाजूला ठेवून ऐकाव्यात.