पॉर्न चित्रपटांत काम करणाऱ्यांचे लैंगिक आरोग्य आणि कामाच्या जागेची सुरक्षितता कशी सुधारता येईल? कंडोमची सक्ती पुरेशी नाही का?

नाही, पुरेशी नाही. 2009 ते 2014 या काळात मी लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतील एका खासगी प्रयोगशाळेत काम केले. अमेरिकेतील या उद्योगाचा मोठा भाग त्याच खोऱ्यात असल्याने कलाकारांचे नमुने आमच्याकडे नेहमी येत, आणि म्हणूनच हा प्रश्न कुणी निव्वळ शिस्तीचा म्हणून मांडला की मला गप्प बसवत नाही.

तिशीतली एक कलाकार दर महिन्याला तपासणीसाठी येई. एकदा रक्त देताना तिने विचारले, "दोन आठवडे घसा दुखतो आहे, त्याचीही तपासणी यात होते का?" होत नव्हती. एचआयव्हीसाठी रक्त, गोनोरिया व क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांसाठी लघवी, एवढेच तिच्या पॅकेजमध्ये होते. घशाचा स्वॅब घेऊ द्या, अशी विनंती मी प्रमुखांना केली, तेव्हा ते म्हणाले, "पॅकेजमध्ये आहे तेवढेच करायचे. जास्तीचे पैसे कोण देणार?" तपासणीचा खर्च ती स्वतःच करत असे आणि त्या महिन्यात तिला अधिक परवडणारे नव्हते. अहवाल निगेटिव्ह गेला, त्याच्या भरवशावर तिने दोन ठिकाणी काम केले, आणि नंतर सरकारी दवाखान्यात तिच्या घशात गोनोरिया सापडला. हे सांगायला ती मुद्दाम परत आली. ती रागावलेली नव्हती. "ज्यांच्याबरोबर काम केले, त्यांना आता मी काय सांगू?" एवढेच तिने विचारले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

2012 मध्ये लॉस एंजेलिसमधील 168 कलाकारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील 28 टक्के कलाकारांना गोनोरिया किंवा क्लॅमिडिया होता, घशातील व गुदद्वारातील बरेचसे संसर्ग लक्षणांविना होते, आणि केवळ लघवी तपासली असती तर त्यांतील काही जण निसटले असते. तो अभ्यास छापून मी प्रमुखांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, पण पॅकेज बदलले नाही. आमचे बोलणे त्या दिवसापासून कामापुरतेच उरले.

त्याच वर्षी लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी 'मेझर बी' हा प्रस्ताव मंजूर करून चित्रीकरणात कंडोम सक्तीचा केला. पुढे चित्रीकरणाच्या परवान्यांचे अर्ज झपाट्याने घटले. काही काम शेजारच्या नेवाडा राज्यात गेले, काही विनापरवाना चालू राहिले. ज्या जागी निरीक्षक पोहोचतच नाही, तिथे नियमाचा कलाकाराला काय उपयोग? 2016 मध्ये हीच सक्ती कॅलिफोर्निया राज्यभर नेणारा 'प्रस्ताव 60' मतदारांनी फेटाळला. त्याला कलाकारांच्या संघटनांचाही विरोध होता, कारण त्यातील तरतुदीने कुणाही रहिवाशाला खटला भरण्याची वाट मोकळी होत होती आणि त्यातून कलाकारांची खरी नावे व पत्ते उघड होण्याची भीती होती. माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त होते.

खरी अडचण कलाकाराला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणण्यात आहे. रक्त व शरीरद्रवांतून होणाऱ्या संसर्गापासून कामगाराला वाचवण्याचा, हेपॅटायटिस बी ची लस मोफत देण्याचा कॅलिफोर्नियाचा नियम 1990 च्या दशकापासून आहे. पण तो मालकावर बंधनकारक आहे, आणि इथे मालक कुणी व्हायलाच तयार नसतो.

कंडोमला माझा विरोध आहे असे मात्र समजू नये. 2004 मध्ये परदेशातील चित्रीकरणाहून परतलेल्या एका कलाकाराची तपासणी निगेटिव्ह आली होती, तरी तो पॉझिटिव्ह ठरेपर्यंत त्याच्याबरोबर काम केलेल्या 13 स्त्रियांपैकी 3 जणींना एचआयव्हीची लागण झाली. विंडो पिरियडमध्ये, म्हणजे लागण झाली तरी ती तपासणीत दिसत नाही त्या सुरुवातीच्या काळात, तपासणी फसते, तिथे कंडोमच कामी येतो. तपासणीची मुदत महिन्यावरून 14 दिवसांवर आली हे चांगलेच झाले. एचआयव्ही टाळणारी प्रेपची गोळीही 2012 पासून उपलब्ध आहे, पण गोनोरियावर तिचा काहीच उपयोग होत नाही. हेही नमूद करते की मी एकाच प्रयोगशाळेचा अनुभव सांगते आहे.

तरीही त्या प्रमुखांना मी आजही हेच सांगेन की घसा, गुदद्वार आणि लघवी या तिन्ही नमुन्यांचा खर्च निर्मात्याकडून घ्यावा, आणि तोवर किमान अहवालाच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत छापावे: 'घसा तपासलेला नाही.'