नवीन सायकल, सोलापूरचं ऊन

सायकल घेतलीस, फार छान केलंस! पण पहिल्याच रविवारी नान्नज गाठायचा हट्ट नको. जाऊन-येऊन चाळीसच्या वर किलोमीटर होतात. आधी आठवडाभर सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव या बाजूला चालून ये. मग सायकलवर हिप्परग्याचा तलाव.

नवीन मंडळी दोन ठिकाणी चुकतात. एक, उशिरा निघणं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जातो, म्हणून उजाडताना निघ, नऊच्या आत घरी. पाणी दोन बाटल्या.

दुसरी, टायरमध्ये घुसलेला वेड्या बाभळीचा काटा न काढताच ट्यूब बदलणं. पंक्चर झालं की ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरव. काट्याचं टोक तिथंच अडकलेलं असतं, नवी ट्यूबही फोडतं. गियरचं नंतर बघू.