पहिलीचा पट आणि अर्धा कोयता

पोरी,

शेतमजुरांच्या टंचाईवरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण पहिल्याच पानावर "रेशनमुळं लोक आळशी झाले म्हणून मजूर मिळत नाही" हे जे तू बांधावर ऐकून तसंच्या तसं लिहिलंयस ते आधी खोड. आमच्या तरुणपणी हाच दोष रोजगार हमीला द्यायचे, आता रेशनला देतात. कामाला येणारं माणूस कोण, बाई का गडी, वय किती, आणि त्या महिन्यात ते गावात असतं का, हे कुणी विचारत नाही. तू विचार.

जुलैत भावाच्या रानात सोयाबीन खुरपायला सात बाया होत्या, मी बांधावर बसून बघत होतो, सगळ्यात लहान ती पंचेचाळीसची. एकीला म्हटलं सून कुठंय गं, तर म्हणे चाकणला, पोरगा कंपनीत अन् ती बी तिथंच पॅकिंगला जायलीय. दुसरी खाली बघतच म्हणली, सून कुठली सर, पोरगं तिशीला आलं, पोरगीच भेटंना.

आता हे आकड्याशी जोडून बघ. बीड जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या 1000 मुलांमागं 894 मुली होत्या, 2011 ला 807 झाल्या. त्या बाईचं पोरगं 894 वाल्या पिढीतलं आहे, 807 वाली तर आत्ता कुठं कामाच्या अन् लग्नाच्या वयात यायलीय. आणि ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायको, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. म्हणजे मुली कमी जन्मल्या की नुसत्या बाया कमी होत नाहीत, जोड्याच कमी जुळतात. हे मला तुझ्या मसुद्यात कुठंच दिसलं नाही आणि मला वाटतं तुझ्या अभ्यासाचा गाभा हाच आहे.

ह्याचीच दुसरी बाजू फार वाईट आहे. जोडी लावायची घाई म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा लिहिताना तुझ्या वर्गातल्या दहावीआधी लग्न होऊन गेलेल्या पोरी आठव आणि मग लिही.

जन्मदराचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी मुलं 2005-06 ला 2.1 होती, 2019-21 ला 1.7 वर आली. पिढीला पिढी पुरायला 2.1 लागतात. त्यामुळं झेडपीच्या शाळेत जाऊन पहिलीचा वीस वर्षांचा पट उतरवून घे, आज पहिलीत बसलेलं लेकरू बारा वर्षांनी मजूर बाजारात येतं, येतं म्हणजे आलं तर, कारण आता ते कॉलेजला जातं, आणि ते जावंच. फक्त इंग्लिश मिडीयमच्या गाडीत बसून जाणारी लेकरं वेगळी मोज, नाहीतर फसशील. ग्रामपंचायतीची जन्मनोंद सोबत ठेवलीस की खरं काय ते कळेल.

जालन्याच्या स्टील कारखान्यांत बिहार-युपीची पोरं का, ह्याचं अर्धं उत्तर पण इथंच आहे, 2019-21 च्या त्याच सर्वेक्षणात एका बाईमागं मुलांचा बिहारचा आकडा 3.0 होता. पण तोही खाली यायलाय, तेव्हा बाहेरून माणूस येतच राहील असं धरून चालू नको.

टंचाई वर्षभर सारखी नसते हेही मांड. सोयाबीन एकदमच काढायला येतं, गावात सगळ्यांचं एकाच आठवड्यात, वरून पावसाची भीती, आणि तेव्हाच दसरा-दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघायच्या तयारीत. म्हणून एकरी गुत्त्याचा, म्हणजे अख्खं काम ठरवून दिल्याचा, भाव तेव्हा चढतो. तोच माणूस मे महिन्यात कामाविना पारावर बसलेला असतो.

आणि जनगणनेचे गावनिहाय आकडे वापरताना जपून. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, तेव्हा आपले कोयते बाहेर उसाच्या फडात होते, आणि त्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता तो जिथं होता तिथं मोजला गेला. पुढची मोजणी 2027 ला फेब्रुवारीतच आहे. म्हणून गावची खानेसुमारी तू स्वतः दोनदा कर, एकदा जानेवारीत, एकदा गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्यावर.

पाडव्याला इकडंच ये. सालगड्यांचे वर्षाचे करार त्याच दिवशी ठरतात, आमच्या पारावर बसलीस की कोण कितीला राहिला, कुणी नाही म्हणलं अन् का, सगळं कानावर पडेल. वही मोठी आण.

तुझे सर