लेकराला घाईची लागलीय आणि हॉटेलवाला नाही म्हणतो

प्रश्न : ताई, आम्ही गाडीने पुण्याहून कोल्हापूरला चाललो होतो. कराडच्या अलीकडे धाकट्याला शी लागली. एका हॉटेलात शिरलो, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, "आधी ऑर्डर द्या, मग." ह्यांनी मोबाइलवरचा मेसेज दाखवला, की १८६७च्या सराई कायद्याने कुठल्याही हॉटेलात पाणी आणि संडास फुकट वापरता येतो. तो नुसता हसला. असा कायदा आहे की नाही?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कायदा आहे, पण मेसेजमध्ये लिहिलंय ते त्यात नाही. दर सुट्टीत हा मेसेज मलाही येतो, म्हणून मूळ कायदाच काढून वाचला. प्रवाशांच्या मुक्कामाच्या सराया, त्यांची नोंदणी, खोल्या नि विहिरी साफ ठेवणं, पहारेकरी नेमणं, दराचा फलक लावणं, कुणाला साथीचा आजार झाला तर पोलिसांना कळवणं, असलाच सगळा मजकूर. येणाऱ्याजाणाऱ्याला संडास उघडून द्या, असं एका ओळीतही नाही. त्याच्या जिवावर भांडाल तर हराल, आणि तेवढ्यात पोराची चड्डी खराब झालेली असेल.

दक्षिण दिल्ली महापालिकेने एप्रिल २०१७ पासून रेस्टॉरंटांची स्वच्छतागृहं सगळ्यांना खुली करायला लावली होती; घ्यायचेच तर फार तर ५ रुपये. पण ते त्या हद्दीपुरतं.

तुम्ही पेट्रोल पंप गाठायला हवा होता. हवा, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी आणि स्वच्छ संडास, हे सगळं पंपावर फुकट असलं पाहिजे, असं तेल कंपन्यांच्याच नियमावलीत आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. दाराला कुलूप, चावी "साहेबांकडे", साहेब जेवायला. अशा वेळी आवाज चढवू नका. "तक्रार वही द्या" एवढंच म्हणा. ती मागितल्यावर द्यावीच लागते. फलकावर कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर असतो, त्याचा फोटो काढायला लागा. माझ्या अनुभवात चावी बहुधा तेवढ्यातच सापडते, पाण्याच्या रिकाम्या बाटलीला सुतळीने बांधलेली.

पेट्रोल न भरता नुसतंच आत जायचं असेल तर मात्र वाद आहे. केरळातले पंपमालक याच मुद्द्यावर २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेले. म्हणून मी तर शंभर-दोनशेचं पेट्रोल भरायचं बाकी ठेवूनच निघते.

आणि हॉटेलात हक्क सांगायला जाऊ नका, गळ घाला. तीही गल्ल्यावर नको. गल्ल्यावरच्याला मालकाची भीती असते. भांडी घासणाऱ्या मावशींना विचारा. पोराला पुढे करा. "मावशी, ह्याला लागलीय हो" म्हटल्यावर नाही म्हणणारी मावशी मला अजून भेटायची आहे. बाहेर पडताना एक पाण्याची बाटली विकत घेतलीत तर गल्ल्यावरचाही गप्प बसेल.